‘हे नाव कोणाचे?’ : हूइजची चार दशके आणि २० डॉलरचा तोतया

१/
ऑगस्ट २०२४. वॉचटॉवर लॅब्स या संस्थेच्या सुरक्षा-संशोधकांनी मुदत संपून बेवारस पडलेले एक डोमेन नाव विकत घेतले. किंमत अवघी २० डॉलर. त्या नावावर त्यांनी एक सर्व्हर उभा केला आणि कोण येते ते पाहू लागले. ३० ऑगस्ट ते ४ सप्टेंबर या काळात १,३५,००० हून अधिक संगणक त्या दाराशी आले. सर्वांचा प्रश्न एकच होता: ‘अमुक डोमेन कोणाच्या मालकीचे आहे?’

२/
येणाऱ्यांत सरकारी आणि लष्करी पत्त्यांवरील मेल सर्व्हर होते, डोमेन विकणाऱ्या कंपन्या होत्या, सायबर सुरक्षेची सेवा पुरवणाऱ्या संस्था होत्या. संकेतस्थळांना ओळखीची प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थाही होत्या. प्रश्नांची एकूण संख्या सुमारे २५ लाख भरली. गादीवरचा कारकून बदलला आहे, हे विचारणाऱ्या यंत्रांना कळण्याची कोणतीच सोय नव्हती.

३/
आजचा धागा या प्रकरणाच्या मुळाशी असलेल्या सेवेविषयी आहे. तिचे नाव ‘हूइज’. डोमेन नाव दिले असता त्याच्या मालकाची माहिती सांगणारी ही चौकशीसेवा १९८२ पासून चालत आली. असंख्य प्रोग्राम तिला जोडलेले होते. अशा परक्या सेवेच्या उत्तरावर आपली यंत्रणा बेतावी काय, आणि बेतल्यास ती कशी पारखावी, हा या धाग्याचा प्रश्न आहे.

४/
इतिहासाच्या वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. एखादी बखर हाती आली की आपण विचारतो: लिहिणारा कोण? त्याला हे कसे ठाऊक? मूळ प्रत कोठे आहे? नक्कल करणाऱ्याने मध्ये काय घातले, काय गाळले? या पद्धतीला साधनचिकित्सा म्हणतात. हूइजचे उत्तर हेही एक साधनच आहे. त्याची चिकित्सा जिथे जिथे राहिली, तिथे तिथे काय घडले ते पाहू.

५/
प्रारंभ कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे. आर्पानेट हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पोसलेले संगणकजाळे १९६९ मध्ये सुरू झाले. त्याची चौकशी-कचेरी एसआरआय या संशोधन संस्थेत होती. १९७२ मध्ये एलिझाबेथ फाइनलर तेथे रुजू झाल्या आणि पुढे १९८९ पर्यंत त्यांनीच त्या कचेरीचा कारभार पाहिला. जाळ्यावरील कोणताही माणूस, कोणतेही यंत्र शोधायचे तर विचारायचे ते याच कचेरीला.

६/
त्या काळी जाळ्यावरील सर्व यंत्रांची नावे आणि पत्ते एकाच फायलीत मावत. नवे यंत्र जोडायचे असेल तर या कचेरीला कळवायचे, मग तेथील माणसे ते नाव फायलीत चढवीत आणि बाकीचे सर्वजण ती फाईल उतरवून घेत. गावच्या कुलकर्ण्याच्या दप्तरासारखी ही व्यवस्था होती. दप्तर एक, लिहिणारा हात ओळखीचा आणि चूक झालीच तर कोणाला गाठायचे तेही ठाऊक.

७/
मार्च १९८२ मध्ये केन हॅरेनस्टीन आणि व्हिक व्हाइट यांनी हूइजचा पहिला तांत्रिक मसुदा प्रसिद्ध केला. जाळ्यावर संदेश पाठवू शकणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने नाव, टपालाचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि ईमेल नोंदवावा, अशी विनंती संरक्षण खात्याच्या दळणवळण विभागाने केली असल्याचे त्यात नमूद होते. मालमत्तेचा पुरावा देणे हा त्या नोंदवहीचा हेतू नव्हता. ती होती सहकाऱ्यांची निर्देशिका.

८/
या हॅरेनस्टीन यांची ओळख येथे थोडक्यात करून द्यायला हवी. ते स्वतः कर्णबधिर. पुढे गूगलमध्ये अभियंता असताना, २००९ मध्ये, यूट्यूबच्या चित्रफितींना आपोआप उपशीर्षके देण्याची सोय जगापुढे मांडणाऱ्यांत ते अग्रभागी होते. माहिती सर्वांना सुलभपणे मिळावी ही ओढ त्यांच्या दोन्ही कामांत दिसते. हूइजची रचना इतकी उघडी का, याचे एक उत्तर त्या काळाच्या या मोकळ्या वृत्तीत आहे.

९/
रचना खरोखरच साधी होती. सर्व्हरच्या ४३ क्रमांकाच्या पोर्टवर जायचे, एक ओळ पाठवायची, साध्या मजकुरात उत्तर घ्यायचे आणि संबंध तोडायचा. उत्तर देणारा तोच आहे ना, याची खूण नाही. वाटेत मजकूर बदलला नाही ना, याचा पडताळा नाही. मजकुराला ठरलेला आकारही नाही. पत्रावर ना शिक्का, ना मोर्तब, नुसता मजकूर.

१०/
१९८२ मध्ये हे खपून गेले, कारण विचारणारे आणि सांगणारे एकाच छोट्या वर्तुळातले होते. विश्वास प्रोग्राममध्ये नव्हता. तो माणसांमध्ये होता. पुढे माणसे पांगली, प्रोग्राम मात्र तसाच राहिला. या धाग्यातील प्रत्येक प्रकरणाचे बीज या एका वस्तुस्थितीत आहे.

११/
जाळे वाढत गेले तशी ती एक फाईल अपुरी पडली. नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नावांची वाटणीवर चालणारी व्यवस्था, म्हणजे डीएनएस, मांडली. १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स डॉट कॉम हे डॉट कॉममधील पहिले नाव नोंदले गेले. १९९१ मध्ये नोंदणीचे काम एसआरआयकडून निघाले, १९९३ पासून ते नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीकडे आले. १९९८ मध्ये आयकॅन ही देखरेख करणारी संस्था स्थापन झाली आणि त्यानंतर नावे विकणाऱ्या अनेक कंपन्या मैदानात उतरल्या.

१२/
आता दप्तर एक राहिले नाही. डॉट कॉमचे वेगळे, डॉट ऑर्गचे वेगळे, प्रत्येक देशाचे वेगळे. डॉट कॉमच्या बाबतीत तर मुख्य नोंदणीसंस्था केवळ ‘हे नाव अमुक कंपनीमार्फत विकले गेले’ एवढेच सांगे. मालकाचा तपशील हवा तर त्या कंपनीच्या सर्व्हरकडे जावे लागे. म्हणजे एका प्रश्नासाठी दोन दारे, आणि दुसऱ्या दाराचा पत्ता पहिल्या दाराने सांगायचा.

१३/
यातून एक बिकट प्रश्न उभा राहिला. कोणत्या शेपटाच्या नावासाठी कोणत्या सर्व्हरला विचारायचे, हे प्रोग्रामने कोठून जाणायचे? मूळ मसुद्यात याची व्यवस्था नव्हती, कारण तेव्हा सर्व्हर एकच होता. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी सोपा मार्ग काढला: सर्व्हरांच्या पत्त्यांची यादीच प्रोग्रामच्या पोटात लिहून ठेवली. लिनक्सवरील प्रचलित हूइज प्रोग्रामसुद्धा अशी यादी बाळगून असतो.

१४/
यादी लिहिली त्या दिवशी ती बरोबर असते. परंतु कागदावरची यादी आणि बाहेरचे जग यांच्यात रोज थोडे अंतर पडत जाते. प्रोग्राम अद्ययावत करणारा करतो. न करणारा दहा वर्षांपूर्वीच्या पत्त्यावर मुकाट विचारत राहतो. पत्ता टिकतो, त्या पत्त्यावरचा माणूस बदलतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. २० डॉलरचा व्यवहार याच फटीतून घडला.

१५/
सप्टेंबर २००४ मध्ये हूइजचा मसुदा नव्याने लिहिला गेला, तेव्हा त्यात प्रांजळ कबुली आली: या पद्धतीत प्रवेशावर नियंत्रण नाही, मजकुराच्या अखंडतेची हमी नाही आणि गोपनीयताही नाही. म्हणजे दोष लपलेला नव्हता. तो अधिकृत कागदावर छापलेला होता. तरीही जगभरच्या यंत्रणा या सेवेला जोडलेल्याच राहिल्या, कारण सेवा फुकट होती, जुनी होती आणि चालत होती.

१६/
पहिला धोका: विचारणाऱ्याचा प्रश्नच दुसऱ्याच्या कामाचा ठरतो. जानेवारी २००८ मध्ये उघडकीस आले की, नेटवर्क सोल्यूशन्सच्या संकेतस्थळावर एखादे नाव उपलब्ध आहे काय, असे कोणी विचारले की कंपनी ते नाव चार दिवसांपुरते स्वतःकडेच अडकवून ठेवीत असे. या काळात तेच नाव अन्य कोणाकडून घेणे ग्राहकाला शक्य नसे. आपण हे ग्राहकांच्या संरक्षणासाठी करतो, असे कंपनीचे म्हणणे होते. टीका झाली आणि प्रकरण न्यायालयातही गेले.

१७/
येथून मिळणारा धडा साधा आहे. चौकशी म्हणजे केवळ माहिती घेणे नव्हे. आपल्याला कशात रस आहे, ही माहिती देणेही आहे. एखादी सुरक्षा-संस्था संशयित डोमेनची चौकशी करते तेव्हा त्या डोमेनच्या बाजूचा सर्व्हर ती चौकशी पाहू शकतो. ४३ क्रमांकाच्या पोर्टवरचा संवाद उघडा असल्याने वाटेतला कोणीही तो वाचू शकतो.

१८/
दुसरा धोका: उत्तराच्या पोटात काय दडले आहे? २०१५ मध्ये पीएचपी-हूइज या प्रोग्राममधील एक त्रुटी नोंदवली गेली. बाहेरून आलेला मजकूर हा प्रोग्राम अशा रीतीने हाताळी की, मुद्दाम रचलेल्या हूइज नोंदीतून हल्लेखोराला आपल्या आज्ञा सर्व्हरवर चालवता येत. माहिती म्हणून आलेला कागद हुकूम म्हणून वाचला जात होता.

१९/
२०२१ मध्ये याचीच पुनरावृत्ती फेल-टू-बॅन या लोकप्रिय संरक्षक प्रोग्राममध्ये झाली. चुकीचा पासवर्ड वारंवार देणाऱ्या यंत्राला रोखणे हे त्याचे काम. सोबत त्या यंत्राची हूइज माहिती व्यवस्थापकाला ईमेलने धाडण्याची सोय होती. मेल पाठवणारा विशिष्ट प्रोग्राम ओळीच्या आरंभी ठरावीक चिन्ह दिसले की पुढचा मजकूर आज्ञा समजून पाळी. हूइजचे उत्तर ज्याच्या हाती, त्याच्या हाती पहारेकरीच सापडला.

२०/
तिसरा धोका सर्वांत मोठा. त्यासाठी प्रमाणपत्रांची व्यवस्था समजून घेऊ. ब्राउझरमध्ये बँकेचे संकेतस्थळ उघडले की ते स्थळ खरोखर त्याच बँकेचे आहे, याची ग्वाही एक डिजिटल प्रमाणपत्र देते. ही प्रमाणपत्रे ठरावीक संस्था देतात. त्यांच्या नावांची यादी ब्राउझरजवळ असते आणि त्यांपैकी कोणत्याही संस्थेची सही ब्राउझर मान्य करतो. म्हणजे सर्वांत ढिला दरवाजा हाच साऱ्या वाड्याचा दरवाजा.

२१/
दरवाजा ढिला पडला की काय होते, ते २०११ मध्ये दिसले. नेदरलँड्समधील डिजिनोटार या प्रमाणपत्र-संस्थेत कोणीतरी घुसले आणि ५०० हून अधिक खोटी प्रमाणपत्रे काढली. १० जुलै रोजी त्यांत गूगलच्या नावाचे एक होते. ऑगस्टअखेरीस इराणमधील एका जीमेल वापरकर्त्याला क्रोमने इशारा दिला, तेव्हा प्रकरण उजेडात आले. चौकशीत सुमारे ३,००,००० संगणक-पत्ते या खोट्या प्रमाणपत्राच्या संपर्कात आल्याचे आढळले. त्यांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक इराणमधले.

२२/
या आकड्यामागे माणसे आहेत. सरकारवर टीका करणारे, पत्रकार, विद्यार्थी. ज्यांचा खाजगी पत्रव्यवहार उघड होणे म्हणजे तुरुंगाची वाट. पडद्यावर कुलपाचे चिन्ह होते, पत्ता बरोबर होता, तरीही पलीकडे तोतया बसलेला असण्याचा संभव होता. डिजिनोटार सप्टेंबर २०११ मध्येच दिवाळखोर ठरली. कंपनी बुडाली, वाचली गेलेली पत्रे मात्र पुन्हा न वाचलेली होत नाहीत.

२३/
भारतालाही या विषयाची झळ लागली आहे. जुलै २०१४ मध्ये गूगलने जाहीर केले की, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या अखत्यारीतून गूगलच्या काही डोमेनांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली आहेत. भारताची मूळ प्रमाणपत्रे मायक्रोसॉफ्टच्या विश्वस्त-यादीत असल्याने विंडोजवरील अनेक प्रोग्राम त्यांना मान देत होते. भारतीय नियंत्रकाने ३ जुलै रोजी त्या केंद्राची संबंधित प्रमाणपत्रे रद्द केली.

२४/
आता हूइजचा धागा येथे जोडू. प्रमाणपत्र मागणारा त्या डोमेनचा खरा मालक आहे, हे संस्थेने कसे ताडायचे? मान्य पद्धती अनेक होत्या. त्यांपैकी एक अशी: हूइजला विचारायचे, तेथे नोंदलेला ईमेल घ्यायचा, त्यावर एक सांकेतिक दुवा धाडायचा, ज्याने तो उघडला तो मालक. थोडक्यात, शिक्कामोर्तब करणारा कारभारी ओळख पटवण्यासाठी १९८२ च्या बिनसहीच्या पत्रावर विसंबून होता.

२५/
२०१६ मध्ये या पद्धतीची एक विलक्षण फजिती झाली. युरोपीय संघाच्या डॉट ईयू नावांची हूइज सेवा ईमेल मजकुरात सांगत नसे. संकेतस्थळावर तो चित्राच्या रूपात दाखवला जाई, हेतू हा की यंत्रांना तो सहज टिपता येऊ नये. कोमोडो या प्रमाणपत्र-संस्थेने यावर उपाय म्हणून चित्रातील अक्षरे ओळखणारा प्रोग्राम वापरला. पत्ता वाचायचे काम यंत्राच्या डोळ्यांवर सोपवले.

२६/
ऑस्ट्रियातील ‘ए-वन टेलिकॉम’ या दूरसंचार कंपनीच्या ईमेलमध्ये ‘ए’ नंतर इंग्रजी एक हा आकडा होता. प्रोग्रामने तो लहान लिपीतील ‘एल’ वाचला. फ्लोरियन हाइन्झ आणि मार्टिन क्लूगे या संशोधकांनी हे हेरले, ‘एल’वाले डोमेन स्वतःच्या नावावर घेतले आणि कंपनीच्या डोमेनसाठी अर्ज केला. पुष्टीचा ईमेल त्यांच्याकडे आला, प्रमाणपत्रही मिळाले. त्यांनी ते सर्व संबंधितांस कळवले.

२७/
मोडी कागद वाचताना एका वळणाने अर्थ कसा फिरतो, हे ठाऊक असलेल्यांना या प्रसंगाचे नवल वाटणार नाही. येथे साधन खोटे नव्हते. उत्तर देणारी संस्थाही खरी होती. वाचणारा चुकला, आणि त्याच्या वाचनाची फेरतपासणी करणारे कोणी नव्हते. म्हणून साधनचिकित्सेत मजकुराइतकेच महत्त्व वाचनाच्या पद्धतीला द्यावे लागते.

२८/
आता पुन्हा २० डॉलरच्या डोमेनकडे. २००६ च्या सुमारास भ्रमणध्वनीवर चालणाऱ्या संकेतस्थळांसाठी ‘डॉट मोबी’ हे शेपूट बाजारात आले. पाठीशी नोकिया, व्होडाफोन, मायक्रोसॉफ्ट यांसारख्या बड्या कंपन्या होत्या. स्मार्टफोन आले, साधीच संकेतस्थळे फोनवर नीट उघडू लागली आणि वेगळ्या शेपटाची गरज ओसरली. डॉट मोबी मागे पडले, तरी बंद झाले नाही. २०१० मध्ये अफिलियास या कंपनीने ते घेतले.

२९/
डॉट मोबीचा हूइज सर्व्हर पूर्वी ‘डॉटमोबीरजिस्ट्री डॉट नेट’ या नावाखाली चाले. पुढे तो डॉट मोबीच्या स्वतःच्याच नावाखाली हलवला गेला आणि अधिकृत यादीत नवा पत्ता चढला. जुने नाव कोणाच्या उपयोगाचे उरले नाही, असे समजून त्याचे नूतनीकरण झाले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची मुदत संपली. परंतु अगणित प्रोग्रामांच्या पोटातील याद्यांत तोच जुना पत्ता जिवंत होता.

३०/
वॉचटॉवरच्या संशोधकांनी ते नाव घेतले आणि येणाऱ्या प्रश्नांना मनाजोगी उत्तरे दिली. ‘मायक्रोसॉफ्ट डॉट मोबी कोणाचे?’ या प्रश्नाला त्यांनी स्वतःचा ईमेल सांगितला. ग्लोबलसाइन या प्रमाणपत्र-संस्थेच्या यंत्रणेने तो स्वीकारला आणि पुष्टीसाठी वापरता येईल असा पत्ता म्हणून पुढे केला. मायक्रोसॉफ्टच्या नावाचे प्रमाणपत्र एका टिचकीवर आले होते. संशोधकांनी हेतुपूर्वक तेथेच हात आखडता घेतला.

३१/
११ सप्टेंबर २०२४ रोजी त्यांनी सारा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राच्या आणि शॅडोसर्व्हर या ना-नफा संस्थेच्या साहाय्याने ते डोमेन सुरक्षित हाती सोपवण्यात आले. येणाऱ्या प्रश्नांना तेथून खऱ्या सर्व्हरची उत्तरे मिळू लागली. या कथेत घरफोडी नाही, पासवर्डची चोरी नाही. रिकाम्या कचेरीचे भाडे भरून कोणी खुर्चीत बसले, एवढेच घडले.

३२/
परिणाम लवकर दिसला. प्रमाणपत्र-संस्था आणि ब्राउझर-निर्माते यांच्या संयुक्त मंचाने २०२४ च्या अखेरीस ठराव केला आणि मालकाचा ईमेल हूइजमधून घेण्याची पद्धत २०२५ मध्ये मोडीत काढली. तिचे महत्त्व आधीच घटले होते. २५ मे २०१८ पासून युरोपचा विदा-संरक्षण कायदा लागू झाल्यावर हूइज नोंदींतून व्यक्तींची नावे आणि ईमेल मोठ्या प्रमाणावर झाकले गेले होते.

३३/
हूइजचा वारस आहे आरडॅप. त्याचे मानक मार्च २०१५ मध्ये आले. प्रश्नोत्तरे कूटबद्ध मार्गाने होतात, उत्तर देणाऱ्या सर्व्हरला स्वतःचे प्रमाणपत्र दाखवावे लागते, मजकुराला ठरलेला साचा असतो आणि कोणत्या शेपटासाठी कोठे विचारायचे याची यादी एका मध्यवर्ती ठिकाणी ठेवलेली असते. २८ जानेवारी २०२५ पासून सर्वसाधारण शेपटांसाठी हूइज चालवण्याचे बंधन आयकॅनने उठवले.

३४/
म्हणजे प्रश्न मिटला काय? अर्धाच. आरडॅप सर्व्हरची ओळख पटवतो. नोंदीतील माहिती खरी आहे, अशी हमी देत नाही. मध्यवर्ती यादी उपलब्ध आहे, परंतु ती वाचायची की जुनी नक्कल पोटात ठेवायची, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याच्याच हाती. शिवाय अनेक जण थेट न विचारता मध्यस्थ कंपनीकडून तयार उत्तर विकत घेतात. तेव्हा दोघांना पारखावे लागते: मध्यस्थाला आणि त्याच्या साधनाला.

३५/
आता पारख. समजा तुमच्या महाविद्यालयाच्या किंवा संस्थेच्या प्रणालीत अशी चौकशीसेवा जोडायची आहे. पहिला प्रश्न: उत्तर कोण देतो, आणि तो तोच आहे हे कशावरून? दुसरा: तो पत्ता आपल्याला कोठून मिळाला, शेवटचा पडताळा कधी घेतला आणि त्या नावाचे नूतनीकरण कोण करते? डॉट मोबीचे प्रकरण दुसऱ्या प्रश्नावर अडखळले होते.

३६/
तिसरा: आपल्या प्रश्नातून कोणाला काय कळते? चौथा: उत्तरातील मजकूर आपण कोरडी माहिती म्हणून ठेवतो की तो कोठे आज्ञा म्हणून चालू शकतो? उत्तराने ‘पुढे अमक्या सर्व्हरला विचार’ असे सांगितले तर आपला प्रोग्राम डोळे मिटून जातो काय, अगदी आपल्याच अंतर्गत यंत्रांकडे धाडले तरी? पाचवा: सेवा बंद पडली किंवा उत्तरच आले नाही, तर आपली यंत्रणा दार बंद ठेवते की उघडे?

३७/
आणि सहावा, जो सर्वांत आधी विचारायला हवा: हे उत्तर खोटे निघाले तर कोणाचे काय जाईल? उत्तर केवळ पडद्यावर दाखवायचे असेल तर हानी थोडी. त्यावरून ईमेल अडवायचे, पैसे द्यायचे किंवा एखाद्याची ओळख मान्य करायची असेल, तर एका साधनावर निर्णय देऊ नये. त्या डोमेनवर ठरावीक नोंद करून दाखव, असे मालकालाच सांगणे अधिक विश्वसनीय. कारण तेथे त्याचा ताबा प्रत्यक्ष सिद्ध होतो.

३८/
वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापायला घेतली. मूळ कागद पाहिल्याविना ऐकीव कथेवर इतिहास रचू नये, हा आग्रह त्यांच्या पिढीने आपल्याला दिला. संगणकाच्या जगातही ऐकीव कथा आहेत. त्या प्रोग्रामच्या पोटात, जुन्या याद्यांत, ‘हे असेच चालत आले आहे’ या वाक्यात दडलेल्या असतात.

३९/
१९८२ च्या त्या लेखकांचा यात दोष नाही. त्यांनी ओळखीच्या माणसांसाठी उघडे दार ठेवले होते. त्या दारातून अनोळखी गर्दी आत-बाहेर करू लागल्यावरही पाटी तीच आहे म्हणून आत तोच माणूस बसला असेल, असे मानणाऱ्यांची ती चूक. तुमच्या हातात एखादी यंत्रणा असेल, तर आज तिच्यातील बाहेरच्या पत्त्यांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे आजचा मालक लिहा. जिथे लेखणी अडेल, तिथून तपास सुरू करा.

#धागा #इतिहास #संगणकाचाइतिहास #साधनचिकित्सा